चंपीचा शाम्पू

आमच्या शाळेत आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी एक उद्योग देते. घरातल्या रिकाम्या पुड्या, खोकी, बाटल्यांवरची कागदं आणायची, त्यावरचा एक शब्द निवडायचा आणि तो कोणत्या भाषेतून आला ते शोधून वहीत लिहायचं. शाळा उर्दू माध्यमाची, मी तिथे मराठी शिकवते, आणि मुलांच्या घरी बोली तिसरीच. त्यामुळे या उद्योगात मौज असते. कोणी साबणाचं वेष्टन आणतं. ‘साबण’ मराठी की उर्दू यावर भांडण होतं, आणि मग मी सांगते की अरबीत ‘साबून’ आहे, पोर्तुगीजांच्या भाषेतही त्याच्यासारखाच शब्द आहे आणि कोकणच्या किनाऱ्यावर दोघांचीही गलबतं लागत होती. दोन्हीकडचे समाधानानं बसतात.

यंदा एका मुलीनं शाम्पूची पुडी आणली. एक रुपयावाली, कोपरा दातानं फाडलेली. वहीत तिनं लिहिलं होतं, ‘शाम्पू, भाषा इंग्लिश.’ वर्गात कोणाला त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. साबण आपला, शिकेकाई आपली, रिठा आपला. शाम्पू मात्र साहेबाचा. टीव्हीवर तो लावणाऱ्या बाईचे केसही आपल्या घरातल्या बायांसारखे नसतात.

मी फळ्यावर लिहिलं, ‘चाँपना’.

हिंदी-उर्दूत चाँपना म्हणजे दाबणं, मळणं, रगडणं. त्याचं आज्ञार्थी रूप ‘चाँपो’. कंपनी सरकारच्या काळात इथं आलेल्या गोऱ्यांनी हे रूप कानानं उचललं आणि त्याचा ‘शाम्पू’ केला. इंग्रजीत हा शब्द १७६२ सालापासून छापील सापडतो. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी अँग्लो-इंडियन शब्दांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश १८८६ साली काढला, त्यातही शाम्पू आहे. तिथे त्याचा अर्थ केस धुणं असा दिलेला नाही, अंग दाबून, मळून थकवा घालवणं असा आहे. चंपाच्या म्हणजे चाफ्याच्या फुलाच्या तेलावरून हा शब्द आला असंही काही जण सांगतात. ऐकायला ते गोड वाटतं, पण कोशकारांचा कौल चाँपना या क्रियापदालाच आहे, आणि मलाही तेच पटतं. कारण आपल्या मराठीत त्याचा भाऊबंद रोजच्या वापरात आहे. आपण पाय ‘चेपतो’.

माझे आजोबा, ज्यांना आम्ही दादा म्हणायचो, परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. रत्नागिरीकडून आलेला माणूस, आयुष्यभर साच्यापुढे उभा राहिला. मी त्यांना पाहिलं तेव्हा नोकरी संपली होती, पण पोटऱ्या रात्री दुखायच्याच. इशाची नमाज झाली की ते खाटेवर आडवे व्हायचे आणि हाक यायची, “चेप गो बाय.” आम्ही तिघी बहिणी पाळीपाळीनं चेपायचो. पायाचा अंगठा ओढून कटकन वाजवला की दादांच्या तोंडून निघायचं, “अल्हमदुलिल्लाह.” तेव्हा कोणी मला म्हटलं असतं की तू दादांना शाम्पू करते आहेस, तर मी हसले असते. पण अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ते अगदी बरोबर वाक्य ठरलं असतं.

आता प्रश्न असा की पाय चेपण्याचा शब्द केसांच्या फेसापर्यंत पोहोचला कसा. यात एका माणसाचा मोठा वाटा आहे, आणि तो माणूस आपल्या पाटण्याचा होता. नाव शेख दीन मुहम्मद. इंग्रजांनी ‘शेख’चं ‘सेक’ केलं.

जन्म १७५९चा. वडील कंपनीच्या पलटणीत होते, ते मुलाच्या लहानपणीच गेले. अकराएक वर्षांचा पोरगा गॉडफ्री बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या मागे छावणीत राहू लागला, पुढे पलटणीत चढत गेला. बेकरनं नोकरी सोडली तेव्हा हाही त्याच्याबरोबर निघाला आणि १७८४ साली आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात उतरला. तिथे इंग्रजी शिकला, जेन डेली नावाच्या मुलीशी पळून जाऊन लग्न केलं. त्या लग्नासाठी त्यानं ख्रिस्ती धर्म घेतला, हेही सांगायला हवं. इंटरनेटवर त्याच्या नावानं फिरणाऱ्या अभिमानाच्या मजकुरात नेमकी हीच ओळ गाळलेली असते. नाव मात्र त्यानं शेवटपर्यंत बदललं नाही. १७९४ साली त्यानं आपल्या प्रवासाचं पुस्तक छापलं. हिंदी माणसानं इंग्रजीत लिहून छापलेलं ते पहिलं पुस्तक मानतात.

मग लंडन. हिंदुस्थानातून भरपूर पैसा करून परतलेल्या बेसिल कॉक्रन या धनिकानं तिथे वाफेच्या स्नानाची सोय काढली होती. दीन मुहम्मद तिथे कामाला लागला आणि वाफेला त्यानं आपल्याकडच्या चंपीची जोड दिली. १८१० साली स्वतःचं खाणावळवजा दुकान काढलं, ‘हिंदुस्तानी कॉफी हाउस’. हुक्का आणि हिंदुस्थानी सालनं. लंडनमध्ये हिंदी माणसानं काढलेली ही पहिली खाणावळ. दोन वर्षांत दिवाळं निघालं. पन्नाशी ओलांडलेला, पोराबाळांचा माणूस, परमुलखात कर्जबाजारी झाला.

तिथून तो १८१४ साली ब्रायटनला गेला. हे समुद्रकाठचं गाव, मोठ्या घरच्या लोकांचं हवा खायला जायचं ठिकाण. युवराजाचा महालही तिथेच. समुद्राला लागून त्यानं स्नानगृह चालवलं. आपल्याकडचा हमाम आणि आपल्याकडची चंपी यांचं ते मिश्रण होतं. रोग्याला आधी औषधी पाल्याच्या वाफेत बसवायचं. भोवती फलाणीचा तंबू, तंबूला बाह्या शिवलेल्या. घाम सुटला की बाहेर उभा असलेला माणूस त्या बाह्यांतून हात आत घालून अंग रगडायचा. रोगी आत, रगडणारा बाहेर, मधून फक्त दोन हात. या प्रकाराला दीन मुहम्मद ‘शाम्पूइंग’ म्हणायचा आणि १८२२ साली त्यानं या विद्येवर एक पुस्तकही छापलं. संधिवाताचे, लकव्याचे रोगी येऊ लागले. बरे झालेल्यांनी सोडलेल्या कुबड्या तो तिथे टांगून ठेवायचा, म्हणजे येणाऱ्याला वेगळी जाहिरात वाचायला नको. चौथा जॉर्ज आणि त्यामागून आलेला चौथा विल्यम या दोन्ही राजांनी त्याला ‘शाम्पूइंग सर्जन’ असा किताब दिला. चंपीवाला सर्जन झाला!

या माणसाला फार मोठा करून सांगण्यात अर्थ नाही. धंद्यासाठी तो आपलं वय दहा वर्षं वाढवून सांगू लागला होता, म्हणजे जुना जाणता वैद्य वाटावा. कलकत्त्याला वैद्यकी शिकलो असंही सांगायचा. पुढे स्पर्धा वाढली, स्नानगृह हातचं गेलं, १८५१ साली तो ब्रायटनमध्येच वारला. पण त्याचा नातू फ्रेडरिक अकबर महोमेद हा खरोखरचा डॉक्टर झाला. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये त्यानं रक्तदाबावर केलेलं काम वैद्यकाच्या इतिहासात आजही नोंदलेलं आहे. एका बाजूला वय वाढवून सांगणारा आजा, दुसऱ्या बाजूला नाडीचा दाब मोजणारा नातू.

शब्दाचं पुढे काय झालं? चंपी करताना डोकं रगडलं जातं आणि रगडल्यावर धुतलं जातं. विलायती न्हाव्यांच्या दुकानांत हे दोन्ही एकत्र होऊ लागलं आणि १८६०च्या सुमारास इंग्रजीत शाम्पू म्हणजे डोकं साबणानं धुणं असा अर्थ रूढ झाला. मग ज्यानं धुवायचं त्या द्रव्यालाच शाम्पू म्हणू लागले. बर्लिनच्या हान्स श्वार्झकोफनं १९०३ साली केस धुण्याची पूड पुड्यांतून विकायला काढली, नंतर बाटल्या आल्या. आता तर गालिच्यालाही शाम्पू असतो आणि मोटारीलाही. दाबण्या-चेपण्याचा जो मूळ अर्थ होता तो शब्दातून पार धुऊन निघाला, आणि त्या रिकाम्या जागेवर फ्रेंचांकडून आलेला ‘मसाज’ बसला. या मसाजच्या मुळाशी अरबीतला ‘मस्स’, म्हणजे स्पर्श करणं, हा शब्द आहे असं एक मत आहे. दुसऱ्या मतानं तो पोर्तुगीजांच्या कणीक मळण्यातून आला. (वुजूत आपण डोक्याचा ‘मसह’ करतो त्याचा धातू वेगळा, उर्दूच्या तासाला हा घोटाळा दरवर्षी होतो म्हणून इथे लिहिलं.)

आपल्याकडची ‘मालिश’ फारसीतली. फारसी ‘मालीदन’ म्हणजे चोळणं, मळणं. चोळलेलं ते ‘मालीदा’. होय, तोच. पोळी कुस्करून, तूप-गूळ घालून हातानं चोळून आपण फातेह्याला करतो तो मलिदा आणि चौपाटीवरची मालिश ही एकाच क्रियापदाची दोन लेकरं. दादी मलिदा करायला बसली की आम्हाला चमच्यानं ढवळू द्यायची नाही. म्हणायची, “हातानं मळला नाही तर तो मलिदा कसला?” तिला फारसी येत नव्हती.

डोक्याच्या बाबतीतही तिचा असाच हट्ट. जुमेरातला रात्री टाळूवर खोबरेल थापायचं, बोटांनी मुरवायचं, जुम्म्याच्या सकाळी दादरच्या बाजारातून आणलेली शिकेकाई उकळून तिनं न्हाऊ घालायचं. डोळ्यांत गेली की आगडोंब व्हायचा. शाळेत पोरी पुडीतला शाम्पू वापरू लागल्या तेव्हा मी घरी रडून तो मिळवला होता. या पुडीचीही गंमत अशी की ती साहेबाची नाही. बाटली ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी शाम्पू पुडीत भरून विकण्याची युक्ती तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांची, आणि त्यांचे पुत्र रंगनाथन यांनी १९८३ साली ‘चिक’ काढून ती गावोगाव नेली. तेव्हा त्या मुलीनं आणलेल्या एक रुपयाच्या पुडीत शब्द आपला आणि पुडीही आपली. इंग्लिश म्हणायचं तर वरची अक्षरं तेवढी.

इथपर्यंत तास छान चालला होता. चूक मी यापुढे केली.

चंपी म्हटल्यावर मुलांना ते गाणं आठवलंच. ‘प्यासा’ १९५७चा, या मुलांच्या आजोबांच्या काळातला, पण ते मालिशवाल्याचं गाणं मोबाइलमुळे सगळ्यांना पाठ. मी सांगितलं की आवाज रफीसाहेबांचा आणि पडद्यावरचा तो मालिशवाला अब्दुल सत्तार म्हणजे जॉनी वॉकर. त्यांचं खरं नाव बदरुद्दीन काझी आणि सिनेमात येण्याआधी ते आपल्या बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर होते. वर्ग रंगात आलेला. आणि त्या भरात मी विचारून बसले, “तुमच्यापैकी कोणाच्या घरी हे काम करतात का?”

कोणी हात वर केला नाही. पण सगळ्यांच्या माना एका बाकाकडे वळल्या. तिथे बसलेल्या मुलानं वही उघडली आणि खाली मान घालून रेघा मारायला लागला. मागून कोणीतरी हळूच हाक मारली, “ए शाम्पू!”

त्या एका क्षणात मला कळलं की या मुलाला आधीपासून काहीतरी म्हणत असणार, आज मी फक्त नवा, इंग्रजी शब्द पुरवला. इतका वेळ फळ्यावर उभ्या केलेल्या दीन मुहम्मदाचा आणि दोन राजांचा त्याला काडीचा उपयोग नव्हता.

नंतर ऑफिसात त्याचा प्रवेशाचा फॉर्म काढून पाहिला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात ‘बिझनेस’ लिहिलं होतं. अक्षर मुलाचंच.

आपल्यात जातपात नाही असं आपण मिलादच्या भाषणात ऐकतो आणि मान डोलावतो. पण सोयरीक जमवताना हज्जामाचं घर म्हटलं की आवाज कसा खाली येतो, तेही आपणच ऐकलेलं असतं. आणि ‘हज्जाम’ या शब्दात कमीपणाचं काय आहे? अरबीत हज्जाम म्हणजे हिजामा करणारा, तुंबडी लावून दूषित रक्त काढणारा. एक प्रकारचा शल्यकर्मीच. आपल्या देशात येता येता त्याच्या हातात फक्त वस्तरा उरला, आणि ‘हजामत करणं’ याला मराठीत काय अर्थ आला ते आपण जाणतोच. दीन मुहम्मदाची गोष्ट पुन्हा आठवली. तिकडे चंपी करणाऱ्याला राजा सर्जन म्हणतो आणि इकडे सर्जनाला आपण हजामत करणारा म्हणतो.

पालकसभेला त्या मुलाचे वडील आले. दिवसा लालबागच्या एका सलूनमध्ये दुसऱ्याच्या खुर्चीवर काम, संध्याकाळी तारांच्या घडवंचीत तेलाच्या बाटल्या घेऊन गिरगाव चौपाटी. बिहारचे, सिवानकडचे. बोटं जाड, नखं अगदी स्वच्छ कापलेली. मी आधी माफी मागितली. त्यांना ती का मागते आहे ते नीटसं कळलं नाही, मुलानं घरी काही सांगितलंच नव्हतं. मग मी त्यांना पाटण्याच्या माणसाची सगळी कथा ऐकवली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली, तंबूच्या बाह्यांचं ऐकून तर हसले. मग दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, “जगह उसका अपना था, मॅडम?”

मी म्हटलं, हो, त्यानं स्वतःची जागा केली होती.

“तो फिर अलग बात है,” ते म्हणाले. वाळूवर बाटल्या वाजवत फिरणाऱ्याला कोणीही येऊन उठवतं. गिऱ्हाईकाचं अर्धं डोकं झालेलं असतानाही उठवतं. राजाची मालिश करायला आधी चार भिंती लागतात हा त्यांचा मुद्दा होता, आणि इतकी पुस्तकं चाळताना तो मला सुचला नव्हता.

दुसरी गोष्ट त्यांनी जरा थांबून विचारली. त्याचा नातू खरंच डॉक्टर झाला का, आणि कोणत्या हॉस्पिटलात. मी नाव कागदावर लिहून दिलं. त्यांनी घडी करून खिशात ठेवलं. फॉर्मवरच्या ‘बिझनेस’विषयी मी काही बोलले नाही, माझा तो अधिकार नव्हे असं वाटलं.

मुलगा आठवडाभर माझ्या तासाला गप्प होता. मागच्या बाकावरच्या त्या हाक मारणाऱ्याला मी मधल्या सुट्टीत बोलावलं. त्याचे वडील काय करतात ते मला माहीत होतं, त्यालाही ते माहीत होतं की मला माहीत आहे. दोघंही काही न बोलता बराच वेळ उभे राहिलो. मग तो म्हणाला, “सॉरी टीचर, उसको बोलूं क्या?” मी म्हटलं, बोल. बोलला की नाही ते त्या दोघांनाच ठाऊक. ती हाक मात्र माझ्या कानांवर पुन्हा आली नाही.

वह्या जमा करायच्या दिवशी तो मुलगा सगळ्यांत शेवटी आला. त्यानं पानावर ब्लेडचं रिकामं पाकीट चिकटवलं होतं. खाली काही लिहिलं नव्हतं.

“टीचर,” तो म्हणाला, “हा तरी खरंच इंग्लिश आहे ना? नीट बघून सांगा.”

मी म्हटलं, हा पक्का इंग्लिश. त्यांच्या जुन्या भाषेत ब्लेड म्हणजे पान, झाडाचं नाहीतर गवताचं. त्यावरून तलवारीचं, त्यावरून दाढीचं.

तो थोडा वेळ पाकिटाकडे पाहत राहिला. म्हणाला, “अब्बाच्या वस्तऱ्यालाही मराठीत पातंच म्हणतात. सलूनमध्ये एक चाचा आहेत सातारचे, ते म्हणतात.”

“गवताचंही पातंच,” मी म्हटलं.

त्यानं तिथेच माझं पेन मागून घेतलं आणि टेबलाच्या कोपऱ्यावर वही ठेवून लिहायला लागला.